मेंदूतील आधारपेशी आणि अपस्मार : एका उपेक्षित घटकाचा इतिहास (१८२५ ते २०२०)

बीजशब्द : अपस्मार, ग्लियापेशी, तारकापेशी, व्रण, विज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

अपस्मार, फेफरे, मिरगी, आकडी, फिट अशा नाना नावांनी ओळखला जाणारा आजार मानवाला ज्ञात असलेल्या अतिप्राचीन व्याधींपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार असून त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. यांतील साधारण एक तृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी पूर्णपणे आटोक्यात येत नाहीत. अपस्माराचा इतिहास सांगणारे ग्रंथ सामान्यतः चेतापेशींचा आणि त्यांतील विद्युत्प्रवाहांचा इतिहास सांगतात. त्याच मेंदूत चेतापेशींच्या बरोबरीने असणाऱ्या आधारपेशींना, म्हणजे ग्लियापेशींना, या इतिहासात फार काळ तळटीपेचेच स्थान मिळाले. ही तळटीप मजकुरात कशी आली, याचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, इतिहासाचा अध्यापक आहे. या विषयाकडे वळण्याचे निमित्त एका प्रसंगाने घडले. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात तास चालू असताना एका विद्यार्थिनीला झटका आला. कोणी कांदा आणायला धावले, कोणी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली आणि अर्धा वर्ग व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील भेटावयास आले. ही गोष्ट बाहेर कोठे बोलू नये, मुलीचे लग्न व्हायचे आहे, एवढीच त्यांची विनंती होती. जाताना त्यांनी पिशवीतून एमआरआयचा अहवाल काढला. त्यात ‘ग्लायोसिस’ असा शब्द होता. ‘सर, हा व्रण आजारामुळे झाला, की आजार या व्रणामुळे झाला?’ हा त्यांचा प्रश्न होता. त्या वेळी उत्तर देता आले नाही. पुढे वाचन करताना लक्षात आले की नेमक्या याच प्रश्नावर युरोपातील विकृतिशास्त्रज्ञ १८८० पासून वाद घालीत आले आहेत.

प्राचीन विचार आणि एक मोह

इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ‘पवित्र रोगाविषयी’ या ग्रंथाने अपस्मार हा दैवी कोप नसून मेंदूचा आजार आहे, असे ठामपणे मांडले. मेंदूतून वाहणारा कफ वायूच्या वाटा अडवितो आणि झटका येतो, अशी त्याची उपपत्ती होती. आपल्याकडे चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. स्मृतीचा लोप हे त्याचे लक्षण सांगून वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार तेथे केले आहेत.

येथे एक मोह टाळणे आवश्यक वाटते. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, डिंक, चिकटविणारा पदार्थ असा आहे. ‘श्लेष्मा’ हा शब्दही चिकटणे, कवटाळणे या अर्थाच्या ‘श्लिष्’ धातूपासून आला आहे. या साम्यावरून प्राचीनांना ग्लियापेशींचे ज्ञान होते, असे विधान करणे सोपे आहे आणि अशी विधाने चर्चासत्रांतून ऐकूही येतात. परंतु सूक्ष्मदर्शकापूर्वी पेशी ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. कफ हा दोष आहे, पेशी नव्हे. चरकाचे मोठेपण त्याच्या काळजीपूर्वक केलेल्या रुग्णनिरीक्षणात आहे. एकोणिसाव्या शतकातील शोध त्याच्या नावावर नोंदविल्याने ते वाढत नाही.

कठीण झालेला मेंदू

१८२५ मध्ये पॅरिसमधील बूशे आणि काझोव्हिएल या दोन तरुण वैद्यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या शवविच्छेदनाची निरीक्षणे मांडली. काही मेंदूंत कानशिलाच्या आतील भागातला हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव हाताला कठीण लागत होता. हे ज्ञान बोटांच्या स्पर्शातून आलेले होते. तो भाग कठीण का झाला, हे सांगण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते.

१८५६ मध्ये रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने मेंदूतील चेतापेशींच्या मधल्या द्रव्याला ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतासंस्थेचा सरस, असे नाव दिले. त्याच्या दृष्टीने तो विटांमधला चुना होता. हे नामकरण निरुपद्रवी दिसते, परंतु पुढील शंभर वर्षांचे संशोधन त्याने एका चाकोरीत बांधले, असे म्हणावे लागेल. चुन्याकडे कोणी कर्तेपण देत नाही. १८७३ मध्ये कॅमिलो गोल्जीने चांदीच्या क्षारांची ‘काळी प्रक्रिया’ शोधून काढली आणि या चुन्यात फांद्या फुटलेल्या, रक्तवाहिन्यांना पाय टेकलेल्या स्वतंत्र पेशी दिसू लागल्या. त्यांच्या आकारावरून त्यांना तारकापेशी म्हटले जाऊ लागले. गोल्जीच्या मते त्यांचे काम चेतापेशींना पोषण पोहोचविण्याचे होते. कार्ल वायगर्टसारख्यांनी मात्र त्या केवळ रिकामी जागा भरतात, असेच मानले.

१८८० हे वर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विल्हेल्म सोमर याने तोपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ९० रुग्णांच्या नोंदी एकत्र करून हिप्पोकॅम्पसच्या एका ठरावीक पट्ट्यातील चेतापेशी नाहीशा होतात, असे दाखविले. तो पट्टा आजही सोमरच्या नावाने ओळखला जातो. हा बिघाड आजाराचे कारण आहे, असा त्याचा कल होता. त्याच वर्षी फ्लेगर याने नेमके उलट मत मांडले : झटक्यांच्या वेळी रक्तपुरवठा बिघडतो आणि त्यातून ही हानी होते. त्या वडिलांच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे अशा रीतीने एकाच वर्षी छापली गेली होती.

१८८९ मध्ये फिलिप शास्लँ या फ्रेंच वैद्याने तिसरी वाट धरली. ज्या अपस्माराचे कोणतेही उघड कारण सापडत नाही, अशा रुग्णांच्या मेंदूत त्याला ग्लियाच्या तंतूंची अतिरिक्त वाढ दिसली. चेतापेशी मेल्यावर रिकाम्या जागी ग्लिया वाढते, हा प्रचलित समज बाजूला ठेवून ग्लियाची वाढ हाच मूळ विकार असावा, असे त्याने सुचविले. त्याची सर्व विधाने टिकली नाहीत. तरीही आधारपेशींना आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम उभे करण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. बहुतेकांनी त्याचे म्हणणे स्वीकारले नाही. १९२० च्या दशकात श्पीलमायरने रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाची उपपत्ती मांडली, तेव्हा व्रण हा परिणाम होय, हा पक्ष बळकट झाला.

माद्रिद, ब्रेस्लाऊ, मॉन्ट्रियल

या इतिहासातील सर्वांत वेधक प्रकरण माद्रिदमध्ये घडले. सांतियागो रामोन इ काहाल याने १९१३ मध्ये सोन्याच्या क्षाराची पद्धत वापरून तारकापेशी स्पष्ट दाखविल्या. मात्र ग्लियाचा आणखी एक गट त्याच्या रंगद्रव्यांना दाद देत नव्हता. त्याच्याच प्रयोगशाळेतील पिओ देल रिओ-ओर्तेगा याने चांदीच्या कार्बोनेटची नवी पद्धत काढून १९१९ मध्ये त्या गटातून मायक्रोग्लिया आणि १९२१ मध्ये ऑलिगोडेंड्रोग्लिया अशा दोन वेगळ्या जाती निवडून काढल्या. गुरूने जे एक मानले होते ते शिष्याने दोन केले. संबंध बिघडले आणि १९२० मध्ये ओर्तेगाला ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे स्पेनच्या यादवी युद्धाने त्याला देशही सोडावा लागला. १९४५ मध्ये ब्यूनोस आयरेस येथे त्याचा मृत्यू झाला. मायक्रोग्लियाचे नाव आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. नाव देणाऱ्याचे क्वचितच आढळते.

१९२४ मध्ये वाइल्डर पेनफिल्ड हा तरुण अमेरिकन शल्यवैद्य या ओर्तेगाकडे शिकण्यासाठी माद्रिदला गेला. मेंदूवरील जखम कशी भरते आणि भरलेल्या जखमेतून झटके का उद्भवतात, हा त्याचा प्रश्न होता. त्यासाठी व्रणातील पेशी रंगविण्याची कला त्याला हवी होती. १९२८ मध्ये तो जर्मनीत ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फर्स्टर याच्याकडे गेला. पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा होऊन पुढे अपस्मार जडलेल्या सैनिकांवर फर्स्टर शस्त्रक्रिया करीत असे. व्रण कापून काढल्यावर तो भाग पेनफिल्ड सूक्ष्मदर्शकाखाली तपाशी. १९३० मध्ये दोघांनी मिळून ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. ग्लिया व संयोजी ऊतक यांनी बनलेला व्रण आकसत जातो, आसपासच्या मेंदूला ओढतो, आणि या ताणामुळे झटके उद्भवतात, अशी त्यांची मांडणी होती. येथे ग्लियाला काहीतरी ‘करणारी’ म्हणून स्थान मिळाले, पण ते एखाद्या दोरीसारखे, यांत्रिक स्वरूपाचे.

१९२८ च्या डिसेंबरमध्ये पेनफिल्डवर स्वतःच्या बहिणीची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली. रूथला अनेक वर्षे झटके येत होते. कवटी उघडल्यावर मोठी गाठ सापडली, आणि ती ऑलिगोडेंड्रोग्लियाची होती. माद्रिदमध्ये ज्या पेशींवर त्याने पहिला निबंध लिहिला, त्याच पेशींची ती गाठ. ती पूर्णपणे काढणे शक्य झाले नाही आणि तीन वर्षांच्या आत रूथचे निधन झाले. १९३४ मध्ये पेनफिल्डच्या पुढाकाराने मॉन्ट्रियलची चेताविज्ञान संस्था उभी राहिली. अपस्मारावरील शस्त्रक्रियेच्या जागतिक इतिहासात तिचे स्थान सर्वमान्य आहे.

विद्युल्लेखनाचे युग आणि ग्लियाचे मौन

मॉन्ट्रियलला ग्लियाचा प्रश्न पुढे जावयास हवा होता, पण तसे घडले नाही. त्याचे कारण साधनांत सापडते. जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन याने १८७३ मध्येच झटका म्हणजे मेंदूच्या राखाडी भागातील आकस्मिक व अतिरिक्त विसर्जन, अशी व्याख्या केली होती. हान्स बर्गर याने १९२९ मध्ये मानवी मेंदूचा विद्युत् आलेख प्रसिद्ध केला आणि त्या व्याख्येला कागदावरची रेघ मिळाली. १९३५ मध्ये गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी लहान मुलांच्या एका प्रकारच्या अपस्मारात सेकंदाला ३ या वेगाने येणारे आलेख दाखविले. १९३८ मध्ये मेरिट व पुटनम यांनी विजेच्या झटक्यांच्या चाचणीतून फेनिटॉइन हे औषध निवडले. यानंतर अपस्मार म्हणजे विजेचा विकार, आणि वीज म्हणजे चेतापेशी, हे समीकरण पक्के झाले. ग्लियापेशी चेतापेशींसारखे स्पंद उत्पन्न करीत नाहीत. सुई टोचली तरी त्या ‘बोलत’ नाहीत. जे यंत्रात उमटत नाही, ते संशोधनाच्या दप्तरात नोंदले जात नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही स्थिती अनोळखी नाही. ज्यांनी कागदपत्रे मागे ठेवली नाहीत, त्या समाजघटकांविषयी आपणही दीर्घकाळ असेच लिहीत आलो.

मेंदूत चेतापेशींच्या दहापट ग्लियापेशी असतात, हे विधानही याच काळात पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. २००९ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि सुमारे ८५ अब्ज इतर पेशी आढळल्या. ज्या घटकाविषयी इतके लिहिले गेले, त्याची संख्यासुद्धा कोणी नीट मोजली नव्हती.

पोटॅशियमचा हिशेब

कोंडी फुटली ती एका उभयचर प्राण्यामुळे. १९६६ मध्ये स्टीफन कुफ्लर, जॉन निकल्स व रिचर्ड ऑर्कंड यांनी नेक्ट्युरस या प्राण्याच्या दृष्टिचेतेतील ग्लियापेशींत सूक्ष्म विद्युदग्रे घातली. चेतातंतूंतून संदेश गेले की ग्लियापेशींचा विद्युद्दाब बदलतो, आणि हा बदल चेतापेशींतून बाहेर पडलेल्या पोटॅशियममुळे होतो, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे ग्लियापेशी ऐकत होत्या. एवढेच नव्हे तर एका ठिकाणी साचलेले पोटॅशियम उचलून दुसरीकडे नेण्याची सोय त्यांच्यात असावी, असे अनुमान निघाले.

याचे महत्त्व समजण्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. विश्रांतीच्या स्थितीत चेतापेशींच्या बाहेरील द्रवात पोटॅशियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे ३ मिलिमोल असते. झटक्याच्या वेळी ते १० ते १२ पर्यंत चढते, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांत मोजले गेले. बाहेरचे पोटॅशियम वाढले की शेजारच्या चेतापेशी अधिक सहज पेटतात आणि आणखी पोटॅशियम बाहेर टाकतात. हा साचलेला भार उपसण्याचे काम तारकापेशी करतात. १९७० मध्ये पोलन व ट्रॅक्टेनबर्ग यांनी हा धागा थेट पेनफिल्डच्या व्रणाशी जोडला : व्रणातील विकृत ग्लिया पोटॅशियम उपसू शकत नसावी, म्हणूनच तेथून झटके निघत असावेत. ही कल्पना काळाच्या पुढे होती. तत्कालीन मोजमापांत तिला पुरेसा आधार मिळाला नाही आणि ती काही काळ मागे पडली.

शस्त्रक्रियेतून मिळालेल्या मानवी ऊतकावर प्रयोग होऊ लागल्यावर ती पुन्हा वर आली. २००० मध्ये बॉन येथील संशोधकांनी कठीण झालेल्या हिप्पोकॅम्पसमधील तारकापेशींत पोटॅशियम आत घेणारा प्रवाह घटल्याचे नोंदविले. २००७ मध्ये उंदरांतील ग्लियापेशींमधून या प्रवाहाची वाहिनी काढून टाकली असता त्यांना झटके येऊन ते अकाली मेले. २००९ मध्ये त्याच वाहिनीच्या जनुकातील दोषामुळे अपस्मार, तोल जाणे, बहिरेपण व मूत्रपिंडाचा विकार एकत्र असलेली मुले दोन स्वतंत्र गटांनी वर्णिली. ही वाहिनी मेंदूत प्रामुख्याने ग्लियापेशींत असते. शास्लँच्या तर्काला असा जनुकीय पुरावा मिळण्यास १२० वर्षे लागली.

ग्लुटामेट आणि अतिउत्साहाचा काळ

दुसरा धागा ग्लुटामेटचा. चेतापेशींना उत्तेजित करणारे हे रसायन वापरानंतर लगेच उचलले गेले पाहिजे. ते उचलून निरुपद्रवी ग्लुटामिनमध्ये बदलणारे विकर तारकापेशींत असते, हे १९७७ मध्ये सिद्ध झाले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ग्लुटामेट उचलणारे ग्लियातील प्रथिन नसलेले उंदीर तयार केले. त्यांना प्राणघातक झटके येऊ लागले. २००४ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये वरील विकर घटल्याचे आढळले.

१९९० पासून आणखी एक आकर्षक चित्र उभे राहात होते. तारकापेशींत कॅल्शियमच्या लाटा उठतात, म्हणजे त्यांची स्वतःची अशी एक भाषा आहे, असे दिसले. २००५ मध्ये एका संशोधनगटाने तारकापेशींतून सुटणारे ग्लुटामेटच झटक्यांचे मूळ आहे, अशी मांडणी केली. लगेच २००६ मध्ये दुसऱ्या गटाने दाखविले की झटक्यासारखे विसर्जन तारकापेशींच्या ग्लुटामेटविनाही होऊ शकते. ग्लिया त्याची तीव्रता कमीजास्त करते, इतकेच. प्रस्तुत लेखकाला हे दुसरे मत अधिक संयत वाटते. दीर्घकाळ उपेक्षिलेल्या घटकाला एकदम सर्वकर्ता ठरविणे ही इतिहासलेखनातही वारंवार होणारी चूक आहे.

व्रण आधी की आजार आधी

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सोमर व फ्लेगर यांच्यापाशी मृत मेंदू होता. त्यात सर्व घटना एकाच वेळी हजर असतात. क्रम कळण्यासाठी आजार घडत असताना पाहणे आवश्यक होते. २०१५ मध्ये बॉनच्या गटाने नेमके हेच केले. तारकापेशी एकमेकींशी सूक्ष्म मार्गांनी जोडलेल्या असतात आणि पोटॅशियमचा भार त्या मार्गांनी वाटून घेतात. कठीण झालेल्या मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये ही जोडणी तुटलेली आढळली. उंदरांमध्ये अपस्मार सुरू करणारी इजा केल्यानंतर अवघ्या काही तासांत, चेतापेशी मरण्यापूर्वी, ही जोडणी तुटू लागते, असेही दिसून आले. त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या प्रयोगात कोणतीही जखम न करता केवळ तारकापेशींतील एक जनुक काढून त्यांना व्रणसदृश अवस्थेत नेले असता उंदरांना आपोआप झटके येऊ लागले.

याचा अर्थ फ्लेगर चुकला असा नाही. दीर्घकाळ चाललेले झटके चेतापेशी मारतात आणि तेथे व्रण होतो, हेही तितकेच सिद्ध आहे. २००७ मधील एका अभ्यासानुसार रक्त आणि मेंदू यांमधील अडसर फुटला की रक्तातील अल्ब्युमिन तारकापेशींत शिरते आणि त्यांचा पोटॅशियम उपसण्याचा गुण घटवते. आणि झटक्यांमुळे हा अडसर पुन्हा फुटतो. कारण व परिणाम येथे एकमेकांना पोसतात. ओर्तेगाच्या मायक्रोग्लियाची बाजू तर अजून उलगडतेच आहे. २०२० मध्ये असे दाखविण्यात आले की या पेशी चेतापेशींनी सोडलेल्या एटीपीचे रूपांतर घडवून शेवटी ॲडिनोसिन तयार करतात आणि अतिरिक्त उत्तेजना शांत करतात. म्हणजे ज्या पेशींकडे दाह वाढविणाऱ्या म्हणून पाहिले जाते, त्याच पहारेकरीही आहेत.

भारतीय संदर्भ

आपल्या देशात या व्रणाला एक वेगळे कारण आहे. डुकरातील फीतकृमीच्या अळ्या मेंदूत शिरून होणारा सिस्टिसर्कोसिस हे भारतातील अपस्माराचे एक प्रमुख कारण मानले जाते. अळी मरते, तिचा चुनखडीसारखा ठिपका उरतो आणि काही रुग्णांना नंतरही झटके येत राहतात, काहींना येत नाहीत. हा फरक का पडतो? लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील प्रधान, कथुरिया व गुप्ता यांनी २००० मध्ये एमआरआयच्या विशेष पद्धतीने या ठिपक्यांभोवतीची ग्लियाची वाढ पाहिली आणि ती झटक्यांच्या पुढील वाटचालीशी निगडित असल्याचे दाखविले. जगभरच्या चर्चेत या अभ्यासाचा उल्लेख व्हावा तितका होत नाही, असे वाटते.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, विवाहविषयक कायद्यांत दुरुस्ती होऊन हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतून ‘अपस्मार’ हा शब्द वगळण्यात आला. तोपर्यंत वारंवार येणारे झटके हे कायद्याने विवाहाच्या पात्रतेआड येत होते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटूनही ते वडील हळू आवाजात बोलत होते. आजची बहुतेक औषधे चेतापेशींवर काम करून झटके थोपवितात. जखमेनंतर आजार जडूच नये यासाठीचे सर्वमान्य औषध अद्याप उपलब्ध नाही, आणि ग्लियाच्या अभ्यासाकडे संशोधक आज याच अपेक्षेने पाहतात. त्या वडिलांना पुन्हा भेट झाली तेव्हा व्रण आणि आजार दोन्ही एकमेकांना घडवितात, एवढे सांगता आले. त्यांनी अहवालाच्या पाठीमागे ते लिहून घेतले आणि मुलगी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसली आहे, असे सांगितले.